काउन्सेलिंगला गेल्यावर नेमकं काय होतं? वाचकांचे प्रश्न

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बाईला आपण सगळेच पटकन सांगून टाकतो की काउन्सेलिंग घे, पण त्या खोलीत गेल्यावर काय होतं, कोण काय विचारतं, कुणाला काय कळतं हे कुणी सांगत नाही आणि मग अपॉइंटमेंट घेऊनही बायका दारातून परत जातात. म्हणून या वेळचं सदर फक्त यावर. पत्रं भरपूर आली, त्यातली थोडी घेतलीयेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि सारख्या पत्रांचं एकच केलंय. मी आधी सरकारी हॉस्पिटलमध्ये आणि नंतर संस्थेत हेच काम केलंय, त्यामुळे जे लिहितेय ते बघितलेलं आहे.

ताई, मी 26 वर्षांची, पुण्यात नोकरी करते, पीजीमध्ये राहते. चार महिन्यांपूर्वी ऑफिसची टीम आउटिंगला गेली होती तिथे टीममधल्याच एकाने... मला तो शब्द लिहवत नाहीये. घरी माहीत नाही. रूममेटला माहितीये, तिनेच पुढच्या आठवड्यात काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतलीये. मला सारखं वाटतंय कॅन्सल करावी. पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का? ती पोलिसात कळवेल का, घरी फोन करेल का? आणि मला रडूच येत नाही, तर तिला मी खोटं बोलतेय असं वाटेल का?

तो शब्द तू लिहिला नाहीस तरी मला कळलं आणि तिथे खोलीत तो उच्चारला नाहीस तरी काही अडत नाही. आधी हेच सांगते. पहिल्या दिवशी घटना सांगावी लागत नाही. चारपाच सेशन होईपर्यंत त्या दिवसाबद्दल अवाक्षर न काढलेल्या मुली माझ्यासमोर बसल्यात आणि तरी तोवर त्यांची झोप सुधारली होती, कामावर जायला लागल्या होत्या. एकदा सगळं भडाभडा बोलून टाकलं की माणूस मोकळं होतं अशी पूर्वी समजूत होती, पण घटनेनंतर लगेच बसवून सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. त्यामुळे काउन्सेलर पहिल्या दहा मिनिटांत "हं, काय झालं ते डिटेलमध्ये सांग" म्हणाली तर तू सरळ "आज नको" म्हण. चांगली काउन्सेलर त्यावर "बरं" म्हणते आणि पुढे जाते. ती "बरं" म्हणाली नाही तर तुला तिच्याबद्दल जे कळायचं ते कळलंच.

पहिलं सेशन साधारण पाऊण तास ते तासभर. एक फॉर्म असतो, त्यात नाव, वय, कोणासोबत राहतेस, झोप कशी, जेवण जातं का, आधीपासून काही औषधं चालू आहेत का. इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा तो नंबर विचारतील, तिथे घरचाच द्यायला पाहिजे असं काही नाही, रूममेटचा दे. एक प्रश्न मात्र थेट येईल, जीव द्यावासा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. दचकू नकोस, तो सगळ्यांनाच विचारतात आणि हो म्हटल्याने कुणी तुला वेडी ठरवत नाही, उलट त्या दिवशी खोलीतून सुखरूप घरी कशी जाशील हे दोघी मिळून ठरवता. आणि अजून एक, तो माणूस आसपास आहे का. तुझ्या बाबतीत हा प्रश्न मोठा आहे कारण तो रोज त्याच मजल्यावर बसत असेल तर आधी त्याचं बघावं लागेल, बाकी मनाचं नंतर. टीम बदलून मागायची का, की ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीकडे जायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला ही समिती ठेवावीच लागते, तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, तुझे चार झालेत, पण आधी तक्रार का करता आली नाही याचं कारण पटलं तर समिती ती अजून तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, म्हणजे तुझ्या हातात अजून वेळ आहे पण खूप नाही. पोलिसात बलात्काराची तक्रार करायला अशी मुदत नाही, ती नंतरही करता येते. यातलं काहीच करायचं नाही असं ठरवलंस तरी काउन्सेलिंग चालूच राहतं, ते केस करण्यावर अवलंबून नसतं.

मी ज्या हॉस्पिटलात होते तिथली आमची खोली कॅज्युअल्टीच्या मागे होती, लहानशी, दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक कपाट. बाई आत आली की मी आधी विचारायचे की दार लोटून घेऊ की उघडं राहू दे, आणि कुठे बसतेस. खूपजणी दाराजवळची खुर्ची घ्यायच्या आणि पर्स मांडीवरून खाली ठेवायच्या नाहीत. एक मुलगी आल्यापासून मान वळवून सारखी दाराच्या कडीकडे बघत होती, मी म्हटलं खुर्ची फिरवून देऊ का, तिने मान हलवली, दाराकडे तोंड करून बसली आणि मग तिने पाणी मागितलं, तेवढंच काय ते त्या दिवशी बोलली. हे असले प्रश्न किरकोळ वाटतील पण माझ्या मते काउन्सेलिंगचा गाभा यातच आहे. जे झालं त्यात तुझी मर्जी कुणी विचारली नाही. म्हणून इथे प्रत्येक गोष्टीत तुझी मर्जी विचारायची, कुठे बसायचं, लिहून घेतलेलं चालेल का, आज थांबायचं का, पुढच्या वेळी यायचं का. तुझ्या मर्जीशिवाय जे काही होईल ते काउन्सेलिंग नाही, मग ते कितीही तुझ्या भल्यासाठी असो.

आता पोलिसांचं. तू 18 च्या वर आहेस, त्यामुळे काउन्सेलर तुझ्या परवानगीशिवाय पोलिसात जात नाही आणि घरी फोन तर अजिबात नाही. थोडे अपवाद असतात आणि ते तिने स्वतःहून पहिल्याच दिवशी सांगायला हवेत, नाही सांगितले तर तू विचार. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, कोर्टाने कागद मागवले, किंवा मामला 18 वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा असला, तर गोष्ट खोलीबाहेर जाऊ शकते. हॉस्पिटलमध्ये तपासणीला गेलीस तर तिथली पद्धत थोडी वेगळी, डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण तक्रार करायची नसेल तर तसं लेखी देता येतं आणि त्या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. उपचार फुकट आणि लगेच, सरकारी असो की खाजगी, हा कायदा आहे.

आणि रडण्याचं म्हणशील तर न रडणं फार कॉमन आहे. काहीजणी अगदी शांतपणे, बातमी सांगितल्यासारखं सांगतात, काहीजणींना हसू येतं आणि मग त्याचीच लाज वाटते. मन बधिर होणं हा सुद्धा धक्क्याचाच भाग आहे आणि हे काम शिकलेल्या बाईला ते माहीत असतं.

पुढची सेशन्स कशी असतात तेही सांगते म्हणजे मनात चित्र राहील. सुरुवातीचे काही आठवडे सगळा भर तुला स्वतःच्या अंगात परत सुरक्षित वाटण्यावर. रात्री जाग येते तेव्हा काय करायचं, कुणी मागून आलं की अंगावर काटा येतो तेव्हा काय करायचं, अमुक एका परफ्यूमचा वास आला की सगळं डोळ्यांपुढे येतं तेव्हा काय करायचं. त्यातली एक गोष्ट आत्ताच करून बघ. डोळे मिटायचे नाहीत, मिटले की काहीजणींना जास्तच त्रास होतो. दोन्ही पाय जमिनीला टेकव, चप्पल काढलीस तर उत्तम, फरशीचा गारवा जाणवू दे, मग खोलीत दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घे, मोठ्याने, कॅलेंडर, बादली, चार्जर, काहीही, मग चार गोष्टींना हात लाव, मग कानावर येणारे तीन आवाज ओळख, पंखा, रिक्षा, शेजारचा कुकर. मनाला सांगायचं असतं की आज कोणती तारीख आहे आणि मी कुठे आहे. हे जमायला लागलं, आणि तू तयार असलीस तरच, मग त्या घटनेकडे वळायचं, तेही थोडं थोडं, तू थांब म्हटलं की थांबायचं. यासाठी नीट शिकलेल्या पद्धती आहेत, विचारांवर काम करणारी ट्रॉमा फोकस्ड थेरपी आहे, डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर आहे, असे कोर्स बऱ्याचदा आठ ते सोळा सेशन्सचे असतात पण कुणाला कमी लागतात कुणाला खूप जास्त, त्यावरून मी मागे पडले असं समजायचं नाही. झोपच लागत नसेल, पॅनिक अटॅक येत असतील तर सायकिअॅट्रिस्टकडे पाठवतील, औषधं तेच देऊ शकतात, काउन्सेलर देत नाही.

अपॉइंटमेंट कॅन्सल करायची की नाही हे तूच ठरव. जायचं ठरवलंस तर रूममेटला सोबत ने, ती बाहेर बसेल किंवा तू म्हणशील तर आत.

मी ओरडले नाही, ढकललं नाही, नुसती पडून राहिले. काउन्सेलर हेच विचारेल ना की विरोध का केला नाहीस? 31, कोल्हापूर

नाही विचारायला पाहिजे. विचारलं तर ती चूक तिची. भीती टोकाची झाली की शरीर थिजतं, हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज निघत नाही, हे तू ठरवून केलेलं नाहीस, ते शरीराने परस्पर केलं. आपल्याच महाराष्ट्रात देसाईगंजच्या पोलीस चौकीत 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असली कारणं देऊन त्यांना सोडून दिलं. त्याविरुद्ध 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आता तर 2013 पासून कायद्यातच लिहिलंय की अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून बाईची संमती होती असं धरता येणार नाही. काउन्सेलिंगमध्ये या "मी का ओरडले नाही"वर खूप वेळ जातो, जाऊ दे, बहुतेक बायकांचं सगळ्यात खोल दुखणं तेच असतं, आणि ते एकदा समजावून जात नाही, पुन्हा पुन्हा त्यावर यावं लागतं.

मॅडम, माझी मुलगी 16 वर्षांची आहे. नात्यातल्याच माणसाने तिच्यासोबत वाईट काम केलं, तिने मला मागच्या महिन्यात सांगितलं. ती शाळेत जात नाही, जेवत नाही, अंघोळ चारचार वेळा करते. मला केस नको, बोभाटा नको, गावात राहायचं आहे. फक्त तिला बोलायला कोणीतरी चांगली बाई द्या. सोलापूर जिल्हा

काकू, मुलीने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला, यातच तिला अर्धा आधार मिळालाय, कितीतरी मुलींना घरात पहिलं उत्तर थोबाडीत मिळतं.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणं बरोबर नाही. मुलगी 18 च्या आत आहे, म्हणून मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लागतो आणि त्यात ज्याला ज्याला हे कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. काउन्सेलर, डॉक्टर, शाळेच्या बाई, कुणालाही. म्हणजे तुम्ही तिला कुठेही नेलंत तरी ती बाई तुम्हाला हेच सांगेल, आणि मुलीने तोंड उघडायच्या आधीच तिने हे सांगायला पाहिजे म्हणजे मुलीला नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. तुम्हीही मुलीला खोटा शब्द देऊ नका की कुणालाच कळणार नाही. हा कायदा मलाही कामात अनेकदा अवघड गेलाय, मुलगी तयार नसताना कळवावं लागतं तेव्हा जीव तुटतो, पण तो माणूस नात्यातला आहे, उद्या तो दुसऱ्या पोरीच्या घरातही जाऊन बसेल हेही आहेच.

बोभाट्याची भीती खोटी नाही, पण कायद्यात तुमच्या बाजूने काय काय आहे ते माहीत असू द्या. मुलीचं नाव, गाव, शाळा, फोटो कुणी छापलं किंवा पसरवलं तर तो गुन्हा आहे. तिचा जबाब घ्यायला चौकीत न्यायची गरज नाही, घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो बाई अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि तुम्ही किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असताना. रात्री तिला पोलीस स्टेशनात थांबवता येत नाही. तपासणी बाई डॉक्टरच करतात, आणि पूर्वी जी दोन बोटांची चाचणी करायचे ती आता करायचीच नाही, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. कोर्टात सुनावणी बंद दाराआड होते, वकील तिला थेट उलटेसुलटे प्रश्न विचारू शकत नाही, प्रश्न जजमार्फत जातात, आणि साक्ष देताना तो माणूस तिच्या नजरेसमोर येऊ नये याची काळजी घ्यायची असते. बाल कल्याण समितीकडून तिला एक सपोर्ट पर्सन मागून घ्या, ती व्यक्ती केस संपेपर्यंत सोबत राहते, तारखा सांगते, कोर्टात येते. हे सगळीकडे नीट पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, पण तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही तिथे मागू शकता.

सुरुवात कुठून करायची, तर 1098 ला फोन लावा, ती मुलांची हेल्पलाइन आहे, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, 181 वर फोन केलात तर तुमच्या जवळचं सांगतील. 2015 पासून ही केंद्रं सुरू झाली, डॉक्टर, काउन्सेलर, वकील, पोलीस यांच्याशी एकाच ठिकाणाहून गाठ घालून देतात आणि गरज पडली तर काही दिवस राहायची सोयही असते. महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे, एफआयआर झाला की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आर्थिक मदत मिळते, त्यातून उपचार आणि काउन्सेलिंग दोन्ही निघतं. अर्ज कसा करायचा ते केंद्रातली बाई भरून देते, एजंटला पैसे देऊ नका.

आणि पाळी चुकली आहे का ते तिला हळूच विचारा, उशीर करू नका. अत्याचारातून दिवस गेले असतील तर 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्याने करता येतो. इतर वाचकांसाठी सांगते, घटना नुकतीच झाली असेल तर 72 तासांच्या आत हॉस्पिटल गाठलं तर गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून 28 दिवसांचं औषध देता येतं, आणि हे जितकं लवकर तितकं चांगलं.

अंघोळीवरून तिला बोलू नका. बाथरूमचं दार वाजवू नका. तिला अंग अस्वच्छ वाटतंय, ते काउन्सेलिंगमध्ये हळूहळू कमी होतं. एवढ्या लहान मुलीसोबत काउन्सेलर कधी चित्र काढायला लावेल, कधी नुसते पत्ते खेळेल, बाहेर बसून तुम्हाला वाटेल की ही काय टाइमपास करतेय. करू द्या. घरी आल्यावर "काय विचारलं, काय सांगितलंस" नको, गरम जेवण वाढा आणि तिला वाटलं तर ती बोलेल.

नमस्कार. माझ्या बायकोवर लग्नाआधी अत्याचार झाला होता, तिने मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. आता ती काउन्सेलिंगला जाते. मीच पाठवलं. पण सेशनवरून आली की जास्तच डिस्टर्ब असते, रात्री दचकून उठते, मला जवळ येऊ देत नाही. तिथे काय बोललं ते सांगत नाही. काउन्सेलरला फोन केला तर त्या म्हणाल्या मी काही सांगू शकत नाही. फायद्याऐवजी तोटा होतोय का? बंद करायला सांगू का? ठाणे

दादा, तुम्ही मनापासून विचारताय म्हणून स्पष्ट लिहिते. बंद करायला सांगू नका. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं वर यायला लागलं की काही आठवडे त्रास वाढतो, जखम धुताना झोंबतं तसं. पण हेही खरं की हा त्रास आठवड्यागणिक वाढतच गेला, ती जेवेनाशी झाली, जीव द्यायच्या गोष्टी करायला लागली, तर ते तिने काउन्सेलरला सांगायला हवं आणि वेग कमी करायला हवा. त्यासाठी तुम्ही तिला एवढंच म्हणा की सेशननंतर तुला खूप त्रास होतो असं मला दिसतं, हे तू त्यांना सांगितलंयस का. बास.

काउन्सेलरने तुम्हाला काही सांगितलं नाही हे बरोबरच केलं. राग आला असेल, पण त्यांनी सांगितलं असतं तर तुमच्या बायकोला बोलायला जगात एकही जागा उरली नसती. नवरा म्हणून माझा हक्क आहे असं मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल, आणि असेलच कारण हे तुमच्यावरही ओझं आहे, तर दुसऱ्या काउन्सेलरकडे वेगळी वेळ घ्या, तिच्याच काउन्सेलरकडे नको.

जवळ येण्याबद्दल. तिला तुमची किळस आलेली नाही. अंधारात, मागून, झोपेत अंगावर हात पडला की तिच्या शरीराला कळत नाही की हात कुणाचा आहे. म्हणून हात लावायच्या आधी विचारायचं, खरंच शब्दांत विचारायचं, हात धरू का, आणि ती नको म्हणाली की तोंड पाडायचं नाही, घुसमटून कूस बदलायची नाही, ती हे सगळं बघत असते. दचकून उठली तर गदागदा हलवू नका, दिवा लावा, तिच्या नावाने हाक मारा, मी आहे, आपण ठाण्यात घरी आहोत, असं सांगा. सेशनच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे, आईबाबांकडे जेवण, पोरांचा अभ्यास असलं काही तिच्यावर टाकू नका. स्वयंपाक तुम्ही करा किंवा बाहेरून मागवा. एवढं केलंत तरी खूप मोठी मदत आहे ही.

नवराच जबरदस्ती करत असेल तर काउन्सेलिंग मिळतं का? की तिथे समजूत घालून परत पाठवतात? विदर्भातून

मिळतं, आणि समजूत घालून परत पाठवणं हे काउन्सेलिंगच नाही. आपल्या देशात 18 च्या वरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती अजून बलात्कार धरत नाहीत, मला ते मनापासून चुकीचं वाटतं, पण 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे आणि त्यातून संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे मागता येतात. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, आणि महाराष्ट्रात बऱ्याच पोलीस स्टेशनच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहे, तो टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबई पोलिसांसोबत 1984 मध्ये सुरू केला, तिथे सोशल वर्कर बसतात. एक लक्षात ठेवा, तुम्ही घाबरत असाल तर नवऱ्यासोबत एकत्र सेशनला बसायला नकार द्या. खोलीत जे बोलाल त्याचा राग घरी निघतो. आधी एकटीने जा.

मी एका काउन्सेलरकडे गेले होते तर ती म्हणाली झालं ते झालं, विसरून जा, चांगलं स्थळ बघून लग्न कर, आणि घरी हे कुणाला सांगू नकोस. 800 रुपये घेतले. आता परत कुणाकडे जायची हिंमत नाही. 24, नाशिक

वाचून फार वाईट वाटलं. जे झालं त्याला काउन्सेलिंग म्हणायचं नाही, ती शेजारच्या काकूंनी दिलेली शिकवण होती आणि त्याचे पैसे घेतले. आपल्याकडे छोटासा कोर्स करूनही लोक काउन्सेलरची पाटी लावतात म्हणून आधी फोनवरच विचारायचं, आणि यात उद्धटपणा काही नाही. शिक्षण काय झालंय, सायकॉलॉजी किंवा सोशल वर्कमध्ये एमए, एमएसडब्ल्यू आहे का, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचं (आरसीआय) रजिस्ट्रेशन आहे का, आणि मुख्य म्हणजे लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांसोबत काम केलंय का. फोनवर घटना सांगायची नाही, "माझ्यासोबत लैंगिक अत्याचार झालाय, तुम्ही अशा केसेस घेता का" एवढंच. उत्तराच्या सुरावरूनच बरंच कळतं. कपडे काय होते, एवढ्या रात्री तिथे का गेलीस, लग्नाआधीच्या सवयी काय, देवाधर्माचं कर, त्याला माफ कर, यातलं काहीही कानावर आलं तर उठून निघायचं, पैसे गेले तर गेले.

आणि पैसेच नसतील तर फुकटही मिळतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणारी सेहत संस्था आणि महापालिकेने मिळून 2000 च्या सुमारास दिलासा केंद्र सुरू केलं, नंतर पालिकेच्या इतर हॉस्पिटलांतही ते गेलं, तिथे हॉस्पिटलातच काउन्सेलर भेटतात आणि कुणाला सांगायचं झालं तर दवाखान्यात गेले होते एवढं सांगता येतं. बाकी शहरांत वर सांगितलेली सखी केंद्रं. कुठे जाताच येत नसेल तर मानसिक आरोग्याच्या टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. फोनवरचं बोलणं पूर्ण थेरपीची जागा घेत नाही पण रात्री दोन वाजता जीव कासावीस होतो तेव्हा ते खूप असतं. व्हिडिओ कॉलवर सेशन घेणार असशील तर घरात कुणी ऐकत नाही ना ते बघ, हेडफोन लाव, आणि कुणी खोलीत आलं तर काय शब्द बोलायचा, उदाहरणार्थ "नोट्स पाठवते", हे काउन्सेलरसोबत आधीच ठरवून ठेव.

मी 52 वर्षांची आहे, दोन मुलं, सून, नातू. लहानपणी आत्याच्या यजमानांनी बराच काळ त्रास दिला. कुणालाच सांगितलं नाही, ते वारलेही. संसारात विसरले होते. आता नात झाली तेव्हापासून सगळं वर येतंय, झोप नाही, छातीत धडधड, सगळ्या तपासण्या नॉर्मल. मागच्या महिन्यात गायनॅककडे तपासणीला टेबलावर झोपले आणि घाम फुटून पळून आले. या वयात काउन्सेलिंगचा काय उपयोग? तो माणूसही नाही राहिला. आणि एवढ्या लहान मुलींसमोर मी काय सांगू?

ताई, तुमच्यासारख्या खूप बायका येतात. मुलगी किंवा नात त्या वयाची होते, पाळी जाते, आई वारते, कधी कधी तो माणूसच वारतो, आणि मग चाळीस वर्षं गप्प बसलेलं सगळं उठून बसतं. तुम्ही ते विसरला नव्हता, तुम्ही ते बाजूला ठेवून घर चालवलंत, दुसरा इलाजच नव्हता.

उपयोग आहे. तो माणूस नाही म्हणून तक्रारीचा प्रश्न मिटतो, तुमच्या धडधडीचा मिटत नाही. तुमच्या काउन्सेलिंगमध्ये पोलीस, केस, कोर्ट यातलं काही नसेल, सगळा वेळ तुमचा. आणि वर मी त्या पुण्याच्या मुलीला जे लिहिलंय तेच तुम्हालाही, सगळं पहिल्यापासून सांगायची सक्ती नाही, आत्याचं नाव घ्यायचीही नाही. समोरची मुलगी पंचविशीची असेल तर अवघडल्यासारखं होणारच, तुम्ही फोनवर सांगा की मला जरा मोठ्या वयाच्या बाई हव्यात, असं मागता येतं. एक प्रश्न ती विचारेल तो मीही विचारते, नातीच्या आसपास आज असा कुणी माणूस आहे का ज्याच्याबद्दल तुमच्या मनात पाल चुकचुकते. असेल तर ते मनात ठेवू नका, ते आजचं आहे.

धडधडीच्या तपासण्या नॉर्मल आल्या हे चांगलं, पण डॉक्टरांनी "मनाचे खेळ" म्हणून सोडून दिलं असेल तर सायकिअॅट्रिस्टला एकदा दाखवा, काही महिने औषध आणि सोबत काउन्सेलिंग असं दोन्ही करावं लागतं बऱ्याचदा. गायनॅकची तपासणी टाळू नका पण तशी करूही नका. जाताना चिठ्ठीवर लिहून न्या, "मला लहानपणी त्रास झालेला आहे, तपासणीची भीती वाटते, प्रत्येक गोष्ट सांगून करा आणि मी हात वर केला की थांबा." तोंडाने बोलायची गरज नाही, चिठ्ठी हातात द्यायची. डॉक्टर बाईच हव्यात असं सांगा, सून किंवा मैत्रीण सोबत आत उभी राहू द्या, पायाकडे नाही, डोक्याशी. ज्या डॉक्टर ही चिठ्ठी वाचून कपाळाला आठ्या घालतील त्यांच्याकडून उठून दुसरीकडे जा.

यजमानांना, मुलांना सांगायचं की नाही हे आत्ताच ठरवायची घाई करू नका. काहीजणी सांगतात, काहीजणी कधीच सांगत नाहीत, दोन्ही चालतं, काउन्सेलिंगला त्याने फरक पडत नाही. नंतर सांगावंसं वाटलं तर कसं आणि किती सांगायचं याची तयारी सेशनमध्ये करून घेता येते, माझ्याकडच्या एक बाई तर आधी माझ्यासमोर ती वाक्यं म्हणून बघायच्या, दोनचार वेळा खोडूनही टाकली, मग एक दिवस मुलीला सांगून आल्या.